सात रुपये बारा पैसे

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यासाठी कातळाला छिन्नी लागली, त्या दिवशी कुणा एकाला काम सांगितले असते: दर सेकंदाला एक रुपया मोज. झोप नाही, जेवण नाही, सणवार नाही. आज बावीसशे वर्षांनी त्याच्यासमोर सात हजार कोटींच्या आसपास रास पडलेली असती. भारताने २०२१-२२ या एका वर्षात आरोग्यावर केलेला खर्च मोजायला असे १३० जण बसवावे लागले असते, आणि प्रत्येकाने बावीसशे वर्षे मान वर करायची नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेखा नावाच्या सरकारी हिशेबात हा खर्च ९,०४,४६१ कोटी रुपये दिला आहे. एवढी शून्ये डोळ्यांपुढे आली की माणूस आदराने पान उलटतो. म्हणून हा आकडा अजिंठ्याहून जरा खाली, लेण्यांपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, पहूरला आणून फोडून पाहू. जामनेर तालुक्यातले हे गाव जळगाव–संभाजीनगर रस्त्यावर आहे. पाचोरा–जामनेर या छोट्या रेल्वेचे ते एक स्टेशन. ती गाडी २०२०च्या टाळेबंदीत थांबली. पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायती, एक ग्रामीण रुग्णालय आणि चहूबाजूंनी कापूस. देशाचा हिशेब पडताळायला एवढे पुरेसे आहे.

नऊ लाख कोटी माणशी वाटले तर वर्षाला ६,६०२ रुपये येतात, म्हणजे दिवसाला अठरा. त्यातले पावणेनऊच्या आसपास सरकार खर्च करते: केंद्र, राज्य, जिल्हा परिषदा, नगरपालिका सगळे मिळून. सव्वा-दीड रुपया खासगी विम्यातून येतो. थोडे मालक मंडळींकडून, सेवाभावी संस्थांकडून आणि परदेशी मदतीतून. आणि सात रुपये बारा पैसे माणूस स्वतःच्या खिशातून देतो, दवाखान्याच्या काउंटरवर किंवा मेडिकलच्या दुकानात, रोख किंवा फोन पुढे करून. वर्षाचे २,६०० रुपये. देशाचे मिळून ३,५६,२५४ कोटी, म्हणजे एकूण खर्चाच्या ३९.४ टक्के. हे वाचायला सुरुवात केल्यापासून दर सेकंदाला एक लाख तेरा हजार रुपये या वाटेने गेले आहेत.

हीच सरासरी जळगाव जिल्ह्याला लावून पाहू. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती ४२ लाख ३० हजार होती. आज ती नक्कीच जास्त आहे, पण जुनीच धरू. माणशी २,६०० प्रमाणे जिल्ह्याच्या खिशातून वर्षाला ११०० कोटी रुपये निघतात. सेकंदाला एक रुपया मोजणारा गडी रायगडावर राज्याभिषेक झाला त्या १६७४ साली बसवला असता, तर त्याचे ११०० कोटी आता तीन-चार वर्षांपूर्वी मोजून झाले असते. साडेतीनशे वर्षांची मोजदाद, आणि जिल्हा ती रक्कम दर वर्षी संपवतो. रोजचे तीन कोटी.  औषधपाण्याच्या या तीन कोटींची बातमी कधी होत नाही, कारण ते हजारो खिशांतून सुटे सुटे जातात.

खरे तर सात रुपये बारा पैसे हा आकडा खोटा आहे. बेरीज-भागाकार बरोबर आहेत, पण रोज सात रुपये बारा पैसे औषधाला देणारा माणूस पहूरमध्ये सापडायचा नाही. बहुतेक जण बहुतेक दिवशी काहीच देत नाहीत. मग एका दिवशी कुणाच्या तरी घरात कुणाचे तरी पोट दुखू लागते, संध्याकाळपर्यंत ते जळगावला हलवलेले असतात, आणि काउंटरवरचा माणूस डिपॉझिट किती भरता म्हणून विचारतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. तिने ग्रामीण भारतातल्या घरोघर विचारले की गेल्या वर्षात कोण भरती झाले आणि बिल किती आले. बाळंतपणे वगळून खासगी दवाखान्यातली सरासरी २७,३४७ रुपये निघाली. सरकारी दवाखान्यात ४,२९०. यात फक्त औषधोपचाराचा खर्च आहे; गाडीभाडे, सोबत राहिलेल्याचे खाणेपिणे आणि बुडालेली मजुरी यात धरलेली नाही. ते साल खानदेशातल्या कापूसवाल्यांच्या चांगले लक्षात असेल, कारण त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,३२० रुपये होता. म्हणजे खासगीत एकदा भरती होणे म्हणजे सव्वासहा क्विंटल कापूस. कोरडवाहू जमिनीत अळी नसतानाही एकरी चार क्विंटल पदरात पडले तर शेतकरी समाधान मानतो. दीड एकराचे वर्षभराचे पीक, आणि तेही बी-खत-फवारणी-वेचणीची मजुरी न धरता. पाहणीत पुढचा प्रश्न होता पैसा कुठून आणला. ग्रामीण घरांपैकी ८० टक्क्यांनी कमाई किंवा बचत हे मुख्य साधन सांगितले, १३ टक्क्यांनी कर्ज. बचत हा शब्द कागदावर भरभक्कम दिसतो. खेड्यात ती बहुधा पुढच्या पेरणीचे पैसे असते, किंवा मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले.

सगळ्यात थक्क करणारा हिशेब मात्र यानंतरचा आहे, आणि त्यात एकही मोठा आकडा नाही.

त्याच पाहणीत ग्रामीण भागात वर्षभरात शंभरातल्या २.६ माणसांनाच भरती व्हावे लागले होते. दहा हजार वस्तीचे गाव धरा: २६० माणसे. सरकारी, खासगी सगळे मिसळून एका भरतीचा ग्रामीण सरासरी खर्च १६,६७६ रुपये होता. गुणाकार केला तर ४३ लाख ३६ हजार. गावच्या दहा हजार माणसांत वाटला तर माणशी वर्षाला ४३४ रुपये. दिवसाला एक रुपया एकोणीस पैसे.

म्हणजे अशा दहा हजारांच्या गावातल्या प्रत्येकाने रोज सव्वा रुपया एका पेटीत टाकला असता, तर त्या वर्षी गावातल्या कुणालाही दवाखान्याच्या बिलासाठी कापूस, जनावर किंवा पाटल्या काढाव्या लागल्या नसत्या. पेटी नव्हती म्हणून त्या २६० घरांवर सरासरी साडेसोळा हजार, आणि खासगीत गेलेल्यांवर सत्तावीस हजार, एकदम कोसळले. उरलेल्या ९,७४० जणांचे भरतीपायी काहीच गेले नाही. त्यातले काही जण पुढच्या वर्षीच्या २६० मध्ये असणार होते.

आरोग्याच्या वित्तपुरवठ्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण त्यांचा गाभा या सव्वा रुपयात मावतो. पैसा किती लागतो हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: तो आजारी पडायच्या आधी सगळ्यांकडून थोडा थोडा गोळा होतो, की आजारी पडल्यावर एकट्याकडून सगळा? कर, कामगार विमा, खासगी पॉलिसी, सरकारी योजना ही सगळी त्या पेटीचीच रूपे. फरक एवढाच की पेटीत कोण टाकतो, किल्ली कुणाकडे असते आणि ती केव्हा उघडते.

या हिशेबात एक उणीव आहे, ती आधीच सांगतो. पेटी आली की दवाखान्यात जाणारेही वाढतील. आज पैशापायी घरीच कण्हत पडलेले उद्या भरती होतील, २६० चे ३५० होतील. तरी सव्वाचे दोन रुपये होतील, वीस होणार नाहीत.

पहूरच्या रुग्णासाठी अशी पेटी आहे का? एक नाही, पाच-सहा आहेत, आणि त्याला जळगावपर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरमध्ये त्या सगळ्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात. आसपासच्या खेड्यातले उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. तिथे हिशेब जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. पहूरचे ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. तिथे वरचा माणूस जिल्हा शल्यचिकित्सक. दोन्हीकडे येणारे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे पैसे साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. १०८ ची गाडी वेगळ्या करारावर धावते. २६ जानेवारी २०१४ ला ती सेवा राज्यभर ९३७ गाड्यांनी सुरू झाली, म्हणजे साधारण सव्वा लाख माणसांमागे एक गाडी.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत झाले. राज्यभरात २,४१८ संस्था, वर्षाला अडीच कोटींहून अधिक रुग्ण. फार मोठा निर्णय, आणि त्याच्या मानाने फार कमी बोलला गेलेला. पण पहूरला जमले नाही म्हणून रुग्ण जळगावला पाठवला की तो दुसऱ्या खात्यात जातो. २०१८ साली जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. हे खाते वैद्यकीय शिक्षणाचे, आणि मोफतचा तो निर्णय आरोग्य खात्याचा होता. मोठ्या शहरातली मोठी सुविधा मिळाली, तिच्याबरोबर दरपत्रकही आले. खाटेवर पडलेल्याला दोन्ही इमारतींवर महाराष्ट्र शासन एवढेच लिहिलेले दिसते.

खासगीत गेला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. हिचा जन्म २ जुलै २०१२ चा, राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने, आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे होता. जळगावला ती पोचायला नोव्हेंबर २०१३ उजाडले. तेव्हा सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता भरत असे आणि त्या बदल्यात दीड लाखापर्यंतचे उपचार होत. पाच माणसांचे कुटुंब धरले तर माणशी दिवसाला अठरा पैसे. सुरुवातीला पिवळे आणि केशरी रेशनकार्ड लागे. जुलै २०२३ च्या निर्णयाने कार्डाचा रंग बाद झाला: राज्यातली सगळी कुटुंबे, पाच लाखांपर्यंत, १,३५६ उपचार.

केंद्राच्या आयुष्मान भारतचा हिशेब याच जातीचा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने या योजनेला ९,४०६ कोटी ठेवले. लाभार्थी ५५ कोटी सांगितले जातात. राज्यांचा चाळीस टक्के वाटा मिळवला तरी माणशी वर्षाला २८५ रुपये होतात, दिवसाला ७८ पैसे. एका बाजूला फलकावर पाच लाख, दुसऱ्या बाजूला ७८ पैसे. यात फसवणूक नाही. शंभरात अडीच-तीनच भरती होतात, म्हणून पैशांचे लाख होऊ शकतात. विम्याची सगळी जादू ती हीच.

जादू कुठे संपते ते मात्र दवाखान्यात योजनेसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर कळते. पॅकेजच्या यादीत आजार हवा, दवाखाना योजनेतला हवा, मंजुरी यायला हवी आणि माणूस भरती व्हायला हवा. बीपीच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्या महिन्यामागून महिने घेणारा कधी भरतीच होत नाही. त्याच्यासाठी पेटी बंद. आणि खिशातून जाणाऱ्या पैशात अशा ओपीडीचा आणि औषधांचा वाटा भरतीच्या बिलांपेक्षा मोठा आहे. म्हणून योजना कितीही फोफावली तरी मेडिकलच्या दुकानासमोरची रांग तेवढीच राहते.

गावात अजून एक पेटी माहीत असते ती नोकरदारांची. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कारखाना कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्का आणि मालकाकडून ३.२५ टक्के राज्य कामगार विम्यात जातात. जळगावच्या एमआयडीसीतल्या कामगाराला ती लागू, त्याच्या कापूस वेचणाऱ्या बहिणीला नाही. आणि पुण्या-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयांत उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवायच्या असतात, त्यासाठी बिलाचे दोन टक्के वेगळ्या निधीत. कायदा भक्कम आहे. तिथवर पोचायला पहूरच्या माणसाला ओळखीतला कुणीतरी लागतो. नेत्याचे शिफारसपत्र, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, आरोग्य शिबिर या आपल्याकडे जवळजवळ वित्तव्यवस्थेच्याच शाखा झाल्या आहेत, आणि कोणत्याही लेख्यात त्या याव्यात तशा येत नाहीत.

आता सरकारच्या आवडत्या आकड्याकडे. २०१३-१४ साली आरोग्यावरच्या शंभर रुपयांपैकी ६४ लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ३९. आठ वर्षांत पंचवीस टक्क्यांची घसरण, असे प्रत्येक भाषणात असते. घसरण खरी आहे, पण टक्क्यांची. रुपये पाहिले तर माणशी २,३३६ चे २,६०० झाले. खिसा हलका झाला नाही. शेजारी सरकारचा ढीग वाढला, १,०४२ वरून ३,१६९ वर, म्हणून खिशाचा वाटा लहान दिसू लागला. महागाई धरली तर २,६०० हे जुन्या २,३३६ पेक्षा कमी भरतात, हेही मान्य करायला हवे. सरकारचा खर्च आठ वर्षांत तिप्पट होणे ही छोटी गोष्ट नाही.

मला खटकते ते वेगळेच. २०२१-२२ म्हणजे एप्रिल २०२१ पासूनचे वर्ष. कोरोनाची दुसरी लाट त्याच्या पहिल्याच दोन महिन्यांत. ऑक्सिजनचा शोध, रेमडेसिविरसाठी रात्रीच्या रांगा, एचआरसीटीचे स्कोअर, मंगळसूत्र गहाण. राज्याने २०२० मध्ये खासगी दवाखान्यांचे दर बांधले होते: साधी खाट दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,०००, महागडी औषधे वेगळी. व्हेंटिलेटरवर दहा दिवस म्हणजे बांधलेल्या दरातच नव्वद हजार. या वर्षी जिल्ह्याच्या खिशातून किती गेले असेल? लेख्याचे उत्तर माणशी २,६०० आहे. हा आकडा येतो त्याच २०१७-१८ च्या पाहणीवरून, पुढच्या वर्षांसाठी वाढवत नेऊन. म्हणजे बोंडअळीच्या वर्षी लोकांना विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्या लाटेचा हिशेब लिहिला गेला. सरकारने लशींवर आणि केंद्रांवर केलेला खर्च मात्र त्याच वर्षाच्या खतावणीतून पै-पैसह धरला आहे. तराजूच्या एका पारड्यात त्या वर्षाचे वजन, दुसऱ्यात चार वर्षांपूर्वीचे. अशा तराजूवर ३९.४ हा दशांश चिन्हासकटचा आकडा जरा जास्तच नेमका वाटतो.

जगाशी तुलना केली तर आकड्यांचा एक गमतीशीर योगायोग दिसतो. २०२१ साली साऱ्या जगाने आरोग्यावर ९.८ लाख कोटी डॉलर खर्च केले, आणि भारताने ९.०४ लाख कोटी रुपये. अंक जवळजवळ तेच, चिन्ह तेवढे वेगळे. डॉलर तेव्हा चौऱ्याहत्तरच्या आसपास होता. हिशेब असा की जगातल्या दर सहा माणसांत एक भारतीय आणि आरोग्यावर खर्च झालेल्या दर ऐंशी रुपयांत एक रुपया भारताचा. आपल्याकडे डॉक्टरची फी आणि गोळी स्वस्त आहे हे धरूनही दरी पुष्कळ उरते. अमेरिका २०२२ मध्ये माणशी १३,४९३ डॉलर खर्च करत होती, दिवसाला सुमारे २,९०० रुपये, आपल्या अठरा रुपयांसमोर. तरी तिथे अडीच कोटींहून अधिक लोकांकडे कसलाच विमा नव्हता. पेटी केवढी मोठी, यावर सगळे ठरत नाही याचा एवढा महागडा पुरावा दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

आपली पेटी किती मोठी करायची हे कागदावर ठरलेले आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करू. २०२१-२२ मध्ये, लशींचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. राहिलेली वाट ०.६६ टक्के. ऐकायला चिल्लर वाटते. त्या वर्षीच्या उत्पादनावर ती १ लाख ५६ हजार कोटी होते, म्हणजे २०२५-२६ साठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला मिळालेल्या सुमारे एक लाख कोटींच्या दीडपट.

समजा हे सगळे पैसे मिळाले, आणि त्यातला एकही रुपया इमारतींच्या फरशीत न जाता थेट लोकांच्या खिशाचा भार उचलायला वापरला गेला. माणशी ११३८ रुपये सरकारने उचलले. २,६०० मधून ते वजा केले तर उरतात १,४६२. जळगाव जिल्ह्याचे ११०० कोटी ६१८ वर येतात आणि रोजचे तीन कोटी एक कोटी सत्तर लाखांवर. दिलेले वचन पूर्ण पाळले तरचा हा हिशेब आहे, आणि २०२५ साल उलटून गेले आहे.